मुलाण्याचा वाटा

आमच्या घरच्या देवाच्या बोकडावर सुरी फिरवायचा मान मुलाण्याचा. बाहेरच्याला नवल वाटेल, पण तापीकाठच्या आमच्या गावात याचं कुणाला काही वाटत नव्हतं. शेताच्या बांधावर कडुनिंबाखाली आमचा म्हसोबा आहे, शेंदूर फासलेला एक दगड. नवसाचा बोकड तिथेच व्हायचा. नारळ आई फोडायची. बोकडाला हळदकुंकू आई लावायची, त्याच्या अंगावर पाणी शिंपडायची आणि तो थरथरला की म्हणायची, "घेतला देवानं." मग ती मागे सरकायची आणि मुलाणी पुढे यायचा. हे काम पिढ्यानपिढ्या त्याच्याच घरात. तो आपले शब्द पुटपुटायचा, सुरी एकदाच फिरायची. तेवढा वेळ वडील म्हसोबापुढे हात जोडून उभे असायचे. कुणाचं लक्ष कुठल्या देवाकडे आहे, हे कुणी विचारत नसे.

लहानपणी मी आईला विचारलं होतं, आपला बोकड आपणच का नाही कापत? ती म्हणाली, "तो वरच्याले विचारून घेतो. आपल्याले ते विचारणं येत नाही." तिच्यासाठी विषय तिथे संपला. मुलाण्याचा हात न लागलेलं मटण ती शिवत नसे. त्याला ती मुर्दाड म्हणायची. मुर्दाड म्हणजे आपोआप मेलेल्या जनावराचं. बुऱ्हानपुरात आम्ही राहायला आलो तरी हे बदललं नाही. शहरात ती मटण खातच नसे. गावी, बांधावर, नवसाचं तेवढं.

मुलाणी काही साधुसंत नव्हता. हावरट होता आणि जिभेला धार होती. मुंडी, पाय आणि कातडं हा त्याचा ठरलेला वाटा. पण दर वेळी त्याचा डोळा कलेजीवर. दर वेळी आईशी त्याचं भांडण व्हायचं आणि दोघांनाही त्यात गोडी होती.

"कलेजी देवाची आहे, मुलाणीदादा. नजर काढ तिच्यावरून."

"भाभी, देव खात नाही ते मले माहीत आहे. खाते कोण, तेही माहीत आहे."

"जास्त बोलशील तर मुंडीबी नाही देणार."

"मुंडी तर मी कापली, तुम्ही काय देता!"

आणि शेवटी आई पळसाच्या पानात कलेजीचा तुकडा गुंडाळून द्यायचीच. तो पान उघडून बघायचा आणि म्हणायचा, "एवढीशी? बोकडाले कावीळ झाली होती काय?"

असीरगढच्या घाटात माझ्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं, तेव्हा मला इंदूरला नेलं. डॉक्टरांनी घरच्यांना काय सांगितलं होतं ते मला फार उशिरा कळलं. मी बेशुद्ध होतो. आईनं म्हसोबाला बोकड बोलला. मी उभा राहिलो, घरी आलो, काठी टाकली. मला बघायला गावाहून मुलाणी आला. खाटेच्या कडेला बसला, बोकडाचा चाचपावा तसा माझा पाय गुडघ्यापासून चाचपून पाहिला आणि आईला म्हणाला, "भाभी, पोरगा वाचला. आता या टायमाची कलेजी पुरी माझी." आई हसली. कित्येक महिन्यांनंतर हसली असेल.

बोकड घेतला, पाळला. दरम्यान मी माझ्या धंद्यात परत घुसलो.

माझा केळीच्या वेफर्सचा कारखाना आहे. आमच्याकडची केळी, आमचंच तेल, शहराबाहेर एक शेड. बायका केळी सोलतात, मशीन काप करते, कढईत पडतात. मुंबईचा एक व्यापारी आमचा माल आखातात पाठवायचा. त्यानं सांगितलं, पाकिटावर हलालची मोहर पाहिजे, नाहीतर तिकडे माल उतरत नाही. मी म्हणालो, "अहो, केळं आहे." तो म्हणाला, "केळं मलाही दिसतंय. मोहर पाहिजे." एक तपासनीस आला. तेलाचे डबे बघितले, मसाल्यात काय आहे ते विचारलं, कढई कशानं धुता ते विचारलं, चहा प्यायला, दोन पाकिटं पोरांसाठी घेऊन गेला. कागद आला. पाकिटाच्या कोपऱ्यात नखाएवढी हिरवी मोहर छापली जाऊ लागली. छपाईचा रोल एकच असल्यामुळे गावातल्या दुकानांतही तीच पाकिटं गेली. त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

मग ते दिवस आले. मोबाईलवर याद्या फिरू लागल्या, कुठल्या बिस्किटावर मोहर आहे, कुठल्या तेलावर आहे. लोक किराणा दुकानात पाकीट उलटं करून बघू लागले. जी माणसं एक्सपायरीची तारीख कधी बघत नव्हती, ती मोहर बघू लागली. आणि एक दिवस आमच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत माझ्या शाळेतल्या मित्रानं, हार्डवेअरवाल्यानं, माझं पाकीट सगळ्यांसमोर वर धरलं.

"शेठ, एक शंका आहे. केळं कापताना कलमा वाचता, की कापून झाल्यावर?"

खोलीत हशा पिकला. मीही हसलो. हे लिहायलाच हवं, की मी सगळ्यात मोठ्यानं हसलो.

त्या संध्याकाळपासून मी हलालशेठ झालो. पानटपरीवर, लग्नाच्या मांडवात, देवळाच्या पायरीवर. "काय हलालशेठ, तब्येत कशी?" दुकानदारांनी माल परत पाठवला. वाद घालायला लोक होते, तेही काही मूर्ख नव्हते. आमच्या ओळखीतले एक निवृत्त मास्तर म्हणायचे, "ज्याला जे खायचं त्यानं ते खावं, पण आपल्या खाण्याची परवानगी दुसऱ्यानं का द्यायची?" कारखान्यात सोलायला येणारी एक मुसलमान बाई म्हणायची, "सेठ, हमको तो मोहर का मालूम भी नहीं था. हम तो बिना मोहर के ही खाते थे." मला दोन्ही पटायचं. पण मला त्या वेळी पटण्या न पटण्याशी काम नव्हतं. मला माझं नाव परत हवं होतं. चौकात उभा राहिलो की लोकांनी माझ्याकडे पूर्वीसारखं बघावं, एवढंच.

मी रोल वेगळा केला. गावच्या पाकिटांवरून मोहर काढली. आखाताच्या पाकिटांवर ठेवली. कुणाला सांगितलं नाही. आजही तसंच आहे.

पण चिकटलेलं नाव मोहर काढल्यानं निघत नाही. हार्डवेअरवाला एकदा खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तुझ्या आईचा बोकड आहे ना चैत्रात? कोण कापणार?"

मी म्हणालो, "नेहमीचा मुलाणी."

तो थांबला. मग अगदी प्रेमानं म्हणाला, "बघ. नाव तुला आम्ही नाही दिलं, तूच घेतलंस. एक काम कर. त्या दिवशी आम्ही येतो चार जण. तू स्वतः कर. एका घावात. व्हिडिओ टाकू ग्रुपवर. विषय संपला."

आईला मी आदल्या दिवशीपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि मग म्हणाली, "नवस माझा आहे."

"जीव माझा होता," मी म्हणालो.

"म्हणून तर म्हणते. तुह्या जिवाचा नवस आहे. खेळ नको करू."

"आई, जमाना बदलला आहे."

"म्हसोबा बदलला काय?"

मी तिला म्हणालो की असंच होईल, नाहीतर बोकडच होणार नाही. त्या वयाच्या बाईला काय पर्याय होता! नवस फेडला नाही तर तो माझ्या अंगावर राहतो, हे तिला माहीत होतं आणि तिला ते माहीत आहे हे मला माहीत होतं. मी त्याच ठिकाणी तिला धरलं.

मंगळवारी सकाळी बांधावर आम्ही पोहोचलो, तर मुलाणी आधीच आलेला. कुणी निरोप दिला नव्हता. नवसाच्या दिवसाला त्याला निरोप लागत नसे. धुतलेला सदरा, फडक्यात गुंडाळलेली सुरी. आईला पाहून म्हणाला, "भाभी, कलेजीचं ठरलेलं आहे बरं. विसरू नका." आई नारळ सोलू लागली. मग त्याला माझ्या हातातला कोयता दिसला. केळीचे घड काढायचा कोयता होता, नुकती धार लावलेला. आणि माझ्यामागे उतरणारे चौघे, त्यातल्या एकाच्या हातात मोबाईल.

त्याला लगेच कळलं. तो निंबाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. आताही वाटतं, पण आता माझ्यासाठी नाही.

आईनं नारळ फोडला. कुंकू लावलं. पाणी शिंपडलं. बोकड थरथरला नाही. तिनं पुन्हा शिंपडलं. तो उभाच. ती म्हणाली, "घेत नाही तो." हार्डवेअरवाला म्हणाला, "काकू, बादलीच ओता की." सगळे हसले. कुणीतरी खरंच तांब्या ओतला, बोकडानं अंग झटकलं, आणि ते म्हणाले, "घेतला, घेतला!"

माझा पहिला घाव मानेवर तिरपा बसला. केळीचा दांडा आणि बोकडाची मान यांत फरक असतो, हे मला त्या क्षणी कळलं. बोकड किंचाळला. माणसासारखा, लहान पोरासारखा. दोरी धरणाऱ्याच्या हातून दोरी सुटली आणि तो तसाच अर्ध्या मानेनं शेतात पळाला. केळीच्या ओळीत घुसला. आम्ही मागे. मोबाईलवाला म्हणत होता, "थांबा, थांबा, परत घेऊ." ओळीच्या टोकाला बोकड गुडघ्यावर बसला होता. मुलाणी आमच्या आधी तिथे पोहोचला होता. त्यानं बोकडाचं तोंड मांडीवर धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं फडकं सोडत होता.

"सेठ, मैं कर देता हूँ. बाद में तुम्हारा नाम लगा लेना. जानवर को छोड़ो."

आयुष्यात तो मला कधी सेठ म्हणाला नव्हता. मला तो पोरा म्हणायचा.

मी ओरडलो, "हात काढ. तुझा हात लागला तर बोकड फेकून देईन."

त्यानं हात काढला. मग मी घाव घातले. किती ते सांगत नाही. शेवटी मान सुटली. मोबाईलवाल्यानं फक्त शेवटचा घाव घेतला. ग्रुपवर तो एका घावाचाच व्हिडिओ गेला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चौघे माझ्याकडे बघत होते, माझा श्वास चढला होता, हातापायांवर रक्त होतं, आणि मला वाटत होतं की मी अजून जिंकलो नाही. मी मुंडी आणि पाय तोडले, पोट फाडून कलेजी काढली आणि सगळं एका पोत्यात भरलं. पोतं घेऊन मुलाण्यासमोर गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "घे, तुझा वाटा. हक्काचा आहे. कलेजी पण टाकली आहे, पुरी."

त्याला ते खाता येणार नाही, हे मला माहीत होतं. ते माहीत होतं म्हणूनच दिलं. चौघे असे हसले की एकाला खाली बसावं लागलं.

मुलाण्यानं पोतं घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं, नेहमी घ्यायचा तसंच. आत बघितलं. मग कलेजीचं पान दुमडावं तसं पोत्याचं तोंड दुमडलं. आई पुढे आली. तिनं त्याच्या हातातून पोतं काढून घेतलं आणि म्हसोबाच्या दगडामागे ठेवलं. म्हणाली, "मुलाणीदादा, जा तू घरी." तो गेला. जाताना चप्पल घालायची राहिली. निंबाखाली काढून ठेवलेली तिथेच राहिली. माझ्या बायकोनं नंतर ती कुणाच्या तरी हाती पाठवली.

मटण झालं. चौघे जेवले, दोनदा वाढून घेतलं. मी जेवलो. आईनं चुलीकडे पाठ केली होती. मी ताट घेऊन गेलो तेव्हा ती म्हणाली, "देवाले मुर्दाड दिलं तुनं." आवाज चढवला नाही. "तुह्या जिवाचं होतं. मुर्दाड दिलं."

माझं नाव मला परत मिळालं. हलालशेठ कुणी म्हणेनासं झालं. माल परत दुकानांत लागला. व्हिडिओ बघून दुसऱ्या गावांतल्या चार घरांनीही मुलाण्याला बोलावणं बंद केलं. त्यांना कुणी जबरदस्ती केली नव्हती. बघून केलं.

आईनं मात्र त्यानंतर माझ्या हातानं कापलेलं काही खाल्लं नाही. हे मला आधी कळलंच नाही. एकदा तिला ताप होता, मी पेरू कापून दिला. तिनं बशी बाजूला ठेवली आणि सुनेला हाक मारली, "बाई, मले दुसरा काप." तेव्हा लक्षात आलं. लिंबू नाही, काकडी नाही. वेफर्स खायची. एकदा मी चिडून विचारलं, "हे बरं चालतं?" ती म्हणाली, "ते मशीन कापते. मशीनले हात नाही."

काही महिन्यांनी तिनं स्वतःच एक करडू आणवलं. नवस परत फेडायचा होता, नीट. गावी गेली, मुलाण्याच्या दारी गेली. मी गाडीत बसून राहिलो. ती आत काय बोलली ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा तो दारापर्यंत आला होता. गाडीकडे त्यानं पाहिलं नाही. आईनं गाडीत बसल्यावर सांगितलं, "येतो म्हणाला. कलेजी नको म्हणाला."

मग मीच मोडता घातला. आमच्या व्यापारी मंडळाची निवडणूक जवळ होती, हार्डवेअरवाला मला एका पॅनेलमध्ये घेणार होता. मी आईला म्हणालो, "थोडं थांब. हे होऊ दे, मग." ती थांबली. पावसाळा संपता संपता मुलाणी गेला. झोपेत गेला म्हणे. मी मातीला गेलो नाही. लोकांनी बघितलं असतं.

आईनं करडू विकू दिलं नाही. देवाला बोललेलं विकत नाहीत. ते मोठं झालं, अंगणात बांधलेलं असायचं, वास मारायचं, कारखान्यातून येणाऱ्या केळीच्या साली खायचं. आई त्याच्याशी बोलायची. माझ्याशी बोलायची तेवढ्यापेक्षा जास्त.

शेवटच्या दुखण्यात तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, माफ करील. ती म्हणाली, "मुलाणीदादाच्या पोराले विचार. हात त्याच घरचा पाहिजे. तुह्या अंगावर आहे, माह्या नाही. मी चालली."

मुलाण्याचा मुलगा शहरात पॉवरलूमवर काम करतो. लूमच्या खडखडाटात बोलता येईना, म्हणून तो बाहेर आला. कापसाची धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती. मी सगळं सांगितलं. आई, नवस, बोकड. तो ऐकून घेत होता, मधे मान हलवत होता. मला वाटलं, येतो म्हणेल.

"सेठ, अम्मा की तबीयत का सुनके बुरा लगा," तो म्हणाला. "पर मैं आया, किसी ने वीडियो बनाया, तो? आप बोलोगे मेरे लिए?"

मी हातातली गाडीची चावी फिरवत राहिलो.

"देखो," तो म्हणाला. रागानं नाही, हसतच. वडिलांसारखं हसणं होतं. "आपके चिप्स पे मोहर है ना, बाहर वाले पैकेट पे? मेरा साला दुबई में खाता है, फोटो भेजा था. अच्छा है. चिप्स पे मोहर थी तो बच गए. अब्बा पे कोई मोहर नहीं थी."

मग त्यानं मला चहा पाजला. नको म्हणालो तरी पाजला. पैसे देऊ दिले नाहीत.

मी घरी आलो. आईनं डोळे न उघडता विचारलं, "येतो म्हणाला?"

मी म्हणालो, "येतो म्हणाला."

तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "खोटं बोलता येत नाही तुले. कधीच आलं नाही." दोन दिवसांनी गेली. तापीच्या राजघाटावर सगळं केलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भटजींनी शेवटी दर्भाचा केला.

बोकड अजून आहे. म्हातारा झाला आहे, एका डोळ्यात पडद्यासारखा सारा आला आहे, पावसाळ्यात खोकतो. विकता येत नाही. मला कापता येत नाही. ज्या हाताचा तो आहे तो हात येणार नाही आणि का येणार नाही ते मला माहीत आहे. बायको म्हणते, गोशाळेत सोडून या. एकदा नेलाही होता. देताना दोरी माझ्या हातातून सुटेना, परत आणला.

एक दिवस तो आपला आपण मरेल. मग तोही मुर्दाडच. देवाला दुसऱ्यांदाही तेच.

मी सकाळी उठलो की चहाआधी अंगणात जातो आणि तो उभा आहे का ते बघतो.